साक्षीदाराचा पत्ता

“खिडकीबाहेर बघ,” मार्लिस म्हणाली. “मी कुणाला मत देते ते बघायचा हक्क साक्षीदाराला नाही.”

“बघायला कशाला हवं? तुझ्या अंगणातली प्रचाराची पाटी चंद्रावरून दिसते,” डेल्मर म्हणाला. पण त्याने मान फिरवली.

विस्कॉन्सिनमध्ये टपालाने मत द्यायचं तर ते साक्षीदारासमोर द्यावं लागतं. लिफाफ्यावर साक्षीदाराची सही हवी, सहीखाली त्याचा स्वतःचा पत्ता हवा. पत्ता नसेल तर मत बाद. डेल्मर टेस्केला हा नियम तोंडपाठ होता. रोज सकाळी साडेसातला तो स्वयंपाकघरातल्या फोनवरून गावच्या रेडिओवर दहा मिनिटं राजकारणावर तोंडसुख घ्यायचा, आणि महिनाभर त्याचं एकच पालुपद होतं. पत्ता नाही? टाका लिफाफा कचऱ्यात! त्या पक्षवाल्यांचे लाड पुरे झाले! विरोधी पक्षाच्या मूर्खपणाचा दाखला म्हणून ‘माझी एक शेजारीण’ रोज हजर असायची. मैलभरात त्याला शेजारीण एकच होती.

गेले पाच आठवडे तीच शेजारीण त्याला जेवू घालत होती. शिडीवरून पडून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं. साडेसातला ती रेडिओसमोर बसून दातओठ खायची आणि अकराला गरम डबा घेऊन त्याच्या दारात उभी राहायची. येत्या गुरुवारी मात्र तिचं मॅडिसनला हृदयाचं ऑपरेशन होतं. अठराव्या वर्षापासून तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. हे आपलं शेवटचं मत ठरेल अशी तिला धास्ती होती आणि ती तिने त्याला सांगितलीही होती. दुसरा साक्षीदार शोधायला वेळ नव्हता. त्यालाही तिच्यावाचून कोण मिळणार होतं? म्हणून दोघं एकमेकांचे साक्षीदार झाले.

या राज्यात राहायचं म्हणजे आम्हा इथल्या लोकांच्या डोक्याला दर चार वर्षांनी ताप. एरवी आम्ही मेलो की जगलो, कुणी विचारत नाही. निवडणूक आली की दिवसाला नऊ पत्रकं, चौदा फोन, आणि घास तोंडात घातला की दाराची घंटा. मागच्या खेपेला राज्य इतक्या थोड्या मतांनी फिरलं की आता एकेका मताला सोन्याचा भाव आला आहे. त्यापायी माणसं शेजाऱ्याला माणूस म्हणायला विसरली, त्याचं कुणालाच काही नाही.

मार्लिसने मतपत्रिका घडी घालून लिफाफ्यात टाकली, तो चिकटवला, सही केली आणि त्याच्यापुढे सरकवला. डेल्मरने साक्षीदाराची सही ठोकली. पेन पत्त्याच्या रेघेवर आलं आणि तिथेच थांबलं. तिचं एक कमी म्हणजे आपलं एक जास्त. म्हातारपणी राहून गेलं, असं म्हणता येईल. त्याने लिफाफा पालथा घातला.

मग त्याने आपली मतपत्रिका भरून लिफाफा चिकटवला; तोही तिने साक्षीदाराची सही करून आपल्या लिफाफ्यावर पालथा ठेवला.

“उंदराला मांजर साक्ष,” ती पुटपुटली आणि उठली. “फ्रीजरमध्ये सहा डबे आहेत. प्रत्येकावर वार लिहिलाय. शुक्रवारच्या डब्यात मासे आहेत, काटे बघून खा. मी परत नाही आले तर तुझ्या बहिणीला बोलाव. आणि औषध विसरू नकोस, गाढवा.”

डेल्मर टेबलाकडे बघत म्हणाला, “तुझा कुत्रा इकडे सोड. मी बघतो त्याचं.”

“तुला तर तो डोळ्यांसमोर नको असतो!”

“तरी सोड म्हणतोय ना!”

दोन्ही लिफाफे मार्लिसने तसेच उचलले, रस्त्याच्या कडेला असलेल्या त्याच्या टपालपेटीत टाकले, टपालवाल्याने ते उचलावेत म्हणून पेटीचा लाल बावटा वर केला आणि घरी गेली.

डेल्मर जेवायला बसला. कोंबडीचा रस्सा होता, त्याच्या आवडीचा. दुसरा घास त्याने ताटात परत ठेवला. त्याला स्वतःची लाज वाटली, सणसणीत लाज वाटली. बाई छाती फाडून घ्यायला निघाली आहे, जाताना आपल्या जेवणाची सोय लावून गेली आहे, आणि आपण काय केलं? टपालवाला बाराला यायचा. घड्याळात बाराला सात कमी होते.

डॉक्टरांनी पायरी उतरायला मनाई केली होती. डॉक्टर गेले खड्ड्यात. वॉकर खडीत रुतत होता, खुब्यातून कळ मस्तकात जात होती, आणि डेल्मर दोन्ही पक्षांना पाळीपाळीने शिव्या घालत पुढे सरकत होता. पेटीपाशी पोचल्यावर त्याने वरच्या लिफाफ्याकडे न बघता आत हात घालून खालचा, तिचा लिफाफा ओढला, खिशातलं पेन काढलं आणि पेटीच्याच टपावर टेकवून आपला पत्ता लिहिला. घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळं. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.

पाठीमागे पावलं वाजली. अंगात एप्रन, त्यावर कोट कसाबसा अडकवलेला, अशी मार्लिस धापा टाकत येत होती. हृदयाच्या रोग्याने असं पळायचं नसतं.

पकडलं हिनं, डेल्मरला वाटलं. ती काही बोलायच्या आत त्याने लिफाफा पुढे केला.

“पत्ता घातला नव्हता मी. राहिला नव्हता, मुद्दाम सोडला होता. आता लिहिलाय. काय बोलायचं ते बोल.”

मार्लिसने लिफाफा बघितला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. वळणावर टपालाची गाडी दिसू लागली होती.

“हा नव्हे,” ती म्हणाली. “तुझा दे. लवकर दे, डेल्मर.”

त्याला काही कळेना. पेटीतून स्वतःचा लिफाफा काढून त्याने सुलटा केला. मार्लिसची सही झोकदार होती. तिच्याखाली पत्त्याची जागा कोरी होती.