काठ मावेल एवढा

"नवा डबा खोलून देतो ना सर. हा तर शोकेसचा आहे, दिवाळीपासून इथंच उभा आहे," भूपेंद्र म्हणाला.

"हाच पाहिजे," प्रकाश सर म्हणाले.

शनवारा भागातल्या त्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. बहिणीच्या लग्नासाठी भूपेंद्र पंधरा दिवस सुरतला होता, कालच शटर उघडलं होतं. काउंटरपासून कीबोर्डांपर्यंत सगळ्यावर धुळीचा थर होता. सर आत आले तेव्हा त्यानं त्यांना ओळखलंच नव्हतं.

"मिशी काढली का सर? एकदम जवान दिसून राहिले."

"काढली," सर म्हणाले आणि मॉनिटरकडे बघत राहिले.

प्रकाश सर राजपुऱ्यातल्या शाळेत गणित शिकवायचे. खर्चाच्या बाबतीत हात भलताच आखडता. घरातला पंखा कोणी तीनच्या पुढे नेला तरी त्यांची मान वर व्हायची. त्यांचा एकुलता एक मुलगा ऋषिकेश यंत्रमागवाल्यांना कापडाचे काठ कॉम्प्युटरवर काढून द्यायचा. काठ म्हणजे लांबलचक पट्टी, आणि ऋषीचा स्क्रीन जुना, चौकोनी. अर्धा काठ दिसायचा, अर्धा सरकवून बघावा लागायचा. चार महिने त्यानं रुंद मॉनिटरचा धोशा लावला होता. परवडेल असं मॉडेलही त्यानंच शोधलं होतं. चार महिने सरांचं उत्तर एकच होतं, आहे तो चालतोय ना?

"ही बघा तुमच्या ऋषीची करामत," भूपेंद्र हसत म्हणाला. "मी सुरतला निघालो त्याच्या आदल्या दिवशी आला होता. म्हणे, भूपेंद्रभाऊ, इथून इथपर्यंत माझा काठ एका नजरेत मावेल."

काचेवरच्या धुळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटाची एक वळणावळणाची रेघ होती. भूपेंद्रनं फडकं उचललं. सरांनी चटकन त्याचं मनगट धरलं.

"पुसू नका."

"अहो, धूळ आहे सर."

"असू द्या. काचेला काही टेकणार नाही असा बांधा."

भूपेंद्रला मनातून गंमत वाटली. पुसून चकाचक केला तर भाव वाढेल, अशी मास्तरांना भीती असणार.

"शोकेसचा माल आहे, दोन हजार कमी द्या," तो आपणहून म्हणाला.

"पूर्ण घ्या."

आता मात्र तो चकित झाला. सर पूर्ण पैसे देतायत हे राजपुऱ्यात कोणाला सांगितलं तर खरं वाटलं नसतं. त्यानं बिलाचं पुस्तक ओढलं.

"नाव तुमचंच ना?"

"त्याचं घाला. ऋषिकेश."

"त्याला सोबत आणायचं ना सर. दो-तीन सेटिंग दाखवून दिल्या असत्या."

"तो घरीच येईल."

"तीन साल वारंटी आहे. त्याला सांगा, बिल सांभाळून ठेव."

सरांनी बिल घेतलं, त्यावरचं नाव वाचलं आणि घडी घालून खिशात ठेवलं. भूपेंद्र खोक्याच्या कडांना थर्माकोल लावत होता. त्याला राहवेना.

"चार महिने तुम्ही हलले नाही. आता एकदम काय झालं?"

"जेवेना," सर म्हणाले.

"रुसला?"

"परवा सगळे नातेवाईक जमले होते. त्याच्यासाठी वाढलं, तर तोंडच लावेना. मामानं मोटरसायकल कबूल केली. आत्या म्हणाली, तुझं राहिलेलं सगळं करू. दीड तास लांबून नुसता बघत बसला. आम्ही सगळे उपाशी ताटकळत."

"मग?"

"मग मी म्हटलं, ऋषी, तो मॉनिटर आणतो, दोन दिवसांत आणतो. तसा आला आणि जेवला."

भूपेंद्र मोठ्यानं हसला. "आजकालची पोरं सर, जिद्दी एकदम. बापाला बरोबर वाकवतात."

"एवढंच हवं होतं त्याला," सर म्हणाले. "मी आधीच द्यायला पाहिजे होता. फार चुकलं माझं."

भूपेंद्रनं दोरीची गाठ मारली आणि खोकं रिक्षात ठेवून दिलं. सरांनी ते घरापर्यंत मांडीवर धरून नेलं.

घरी त्यांच्या बायकोनं, उषानं, ऋषीचं टेबल रिकामं करून ठेवलं होतं. केबल ड्रॉवरमध्येच होती. ऋषीनं ती महिन्याभरापूर्वी आणून ठेवली होती, पाकीटही फोडलेलं नव्हतं. उषानं ते फोडलं. त्या आवाजानं तिचे डोळे भरून आले.

सरांनी मॉनिटर टेबलावर ठेवला आणि त्याचं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग ऋषीनं काढलेला शेवटचा काठ उघडला. केळीच्या पानांची एक वेल होती ती. धुळीतल्या रेघेखालून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेली. सरांनी तो काठ आधी कधी पूर्ण पाहिला नव्हता. इतकं सुंदर काम आपला मुलगा करत होता, हे त्यांना कळलंच नव्हतं.

उषानं दहीभाताची ताटली आणली, खिडकीची दारं उघडली आणि ताटली तिथंच ठेवली. दोघंही भिंतीपाशी मागे सरकून उभी राहिली.

"येईल ना हो?" ती हळूच म्हणाली.

"येईल."

बराच वेळ गेला. मग खिडकीच्या कठड्यावर एक कावळा उतरला, मान वाकडी करून स्क्रीनकडे बघू लागला, आणि प्रकाश सरांनी हात जोडले. "बघ ऋषी, घाटावर शब्द दिला होता, आणला बघ."