तिसरा जोड

सकाळीच अमरसिंहाने जुईसाठी लाल गोंड्याची चप्पल आणली आणि शाहूपुरीतल्या त्या दोन खोल्यांत पुन्हा प्रवासाचा विषय निघाला. पाच वर्षांपूर्वी, लग्नानंतर, पाठीवर पिशव्या टाकून नेपाळ, चीन, लाओस करत तो आणि पूर्णिमा बस-रेल्वेने थायलंडपर्यंत गेले होते. आता तीन वर्षांच्या लेकीला, जुईला घेऊन तोच रस्ता धरायचा, असं त्याच्या मनात होतं. पूर्णिमाचं मन धजेना.

नवी चप्पल तिने दारात, दोघांच्या जोडांच्या मध्ये ठेवली आणि जुने फोटो बघत बसली. प्रत्येक स्वस्त लॉजच्या दारात आपल्या कोल्हापुरी चपलांचा फोटो काढायचा, हा तेव्हाचा त्यांचा नेम.

काठमांडूच्या फोटोत तीन जोड होते. मधला लहान, कोरा करकरीत, लाल गोंड्याचा.

"अहो, हे बघा की."

"लॉजवाल्याच्या पोराची असंल! तू बी नं, कशालाबी भितीस," म्हणत अमरसिंह आत गेला.

चीनमधल्या फोटोतही तीच चप्पल होती, जरा मळलेली. लाओसमध्ये टाच झिजली होती. थायलंडमध्ये एक गोंडा तुटायला आला होता. पूर्णिमाला आता भीतीपेक्षा पुढचं बघायची ओढ लागली.

शेवटचा फोटो परतल्यावरचा, याच दाराचा. त्यात दोनच जोड होते, मध्ये लहान जोडाएवढी जागा सोडून.

"जुई?" तिने हाक मारली.

"तुझ्याजवळच हाय की," आतून अमरसिंह म्हणाला.

ती दाराकडे वळली. उंबऱ्यापाशी दोनच जोड होते. मधल्या जागेत एक तुटका लाल गोंडा पडला होता.