नत्थूजींचा अभिप्राय

सुज्ञ वाचकहो, एका पित्याने आपल्या पुत्राच्या कार्यासाठी जी पराकाष्ठा केली, तिची हकीकत पुढील ओळींत मांडण्यात येत आहे. तीत पदरचे एक अक्षरही घातलेले नाही.

"बाबा, दुसरा भाग निघते का नाही, ते आता लोकायच्या हाती हाय," दुर्गेश पुण्याहून फोनवर म्हणाला. "आतालोक चांगलं चालू हाय. पण कंपनी अजून पंधरा दिवस पाहणार. पाहणाऱ्यायनं मोबाईलवर तारे चांगले देल्ले त निघन. नाही त बंद."

"अन् बंद झाली त?"

"त मी येतो वापस. लागतो तुमच्यासंगं बुटीबोरीले."

नत्थूजी बुटीबोरीच्या कापड गिरणीत तीस वर्षे मागावर उभे होते. मुलाने तेथे पाऊल ठेवू नये, एवढी एकच इच्छा त्यांनी आयुष्यभर उराशी धरली होती.

दुर्गेशने चांगली नोकरी सोडून, दोन वर्षे एका खोलीत बसून 'परतीची कक्षा' ही अंतराळातील मालिका लिहिली होती. आता ती मोबाईलवर लागली होती. एका यानात सहा माणसे अडकलेली असतात. हवा अकरा दिवस पुरेल इतकीच. त्यांना परत आणणे परवडते की नाही, याचा निर्णय पृथ्वीवर खुर्चीत बसलेले साहेब लोक घेणार असतात. यानातील यंत्रे सांभाळणाऱ्या इसमाचे नाव दुर्गेशने नत्थू असे ठेवले होते.

हुडकेश्वरच्या घरी नत्थूजी व त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई यांनी ती मालिका तीन वेळा पाहिली.

"दुसरा भाग नाही निंगाला, त थे सहा जनं तसेच राह्यतीन का जी वरतं?" प्रेमलताबाईंनी विचारले.

नत्थूजींनी मोबाईल चार्जिंगला लावला.

"तुमी काही करा नं जी. गिरणीत तुमचं केवढं वजन हाय!"

"बासष्ट किलो," नत्थूजी म्हणाले. परंतु त्याच संध्याकाळी ते शेजारच्या भैयाजींकडे गेले.

भैयाजी त्याच गिरणीत होते. शिक्षण आठवीपर्यंत, पण वाचनालयातील ग्रंथ वाचून त्यांनी भाषा कमावली होती. साऱ्या खात्याचे अर्ज तेच लिहीत. त्यांना ठाऊक नाही असे जगात काही असेल, असे कोणालाच वाटत नसे. स्वतः भैयाजींनाही नाही.

"भैयाजी, मले थ्या ताऱ्यायचं काही समजत नाही. चुकलं त पोराचं नुकसान व्हईन."

भैयाजींनी चष्मा पुसला, मोबाईल हातभर लांब धरून पाहिला आणि रीत समजावून दिली. मग त्यांनी अभिप्रायही सांगितला. नत्थूजींनी एकेक अक्षर शोधून तो लिहिला : 'ही मालिका पाहून अंतःकरण हेलावले. लेखक माझा पुत्र आहे म्हणून हे लिहीत नाही. एक नंबर.'

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत नत्थूजी डबा न उघडता खात्याखात्यातून फिरू लागले. कोणाच्या हातून चूक व्हायला नको म्हणून प्रत्येकाचा मोबाईल घेऊन ते स्वतःच्या बोटानेच दाबून देत.

"मी त अजून पाह्यलीच नाही गा तुह्या पोराची सिरियल," कवडू म्हणाला.

"पाह्यजो मंग. एक नंबर हाय."

"अन् भंगार निंगाली त?"

"त मले शिव्या देजो. पोराले नको."

कापडाच्या घड्या करणाऱ्या श्वेताने आपला मोबाईल परत घेऊन त्याच्याकडे पाहिले. "बस, एवढंच काकाजी?"

"एवढंच वं बाई," नत्थूजी हसून म्हणाले आणि पुढे गेले.

आपली पाळी संपली की ते पुढच्या पाळीच्या लोकांसाठी फाटकाशी थांबत. पायांवर सूज आली. बाराव्या दिवशी चारशे माणसे पूर्ण झाली, तेव्हा त्यांनी गिरणीत पेढे वाटले.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी दुर्गेश बॅग घेऊन दारात उभा राहिला. अंगणात नत्थूजी व भैयाजी चहा पीत बसले होते.

"बंद केली," तो म्हणाला.

"काहून पण?"

"पहिल्या आठवड्यात साडेचार तारे होते, बाबा. मंग एकाएकी कोनीतरी टोळी लावली. मुद्दाम पाडली. साहेबानं मेलचं उत्तरसुद्धा नाही देल्लं. जाऊ द्या. गिरणीत बोलून ठेवा माह्यासाठी."

नत्थूजींचा आवाज चढला. "कोन हाय रे थे? अरे, पण आपले चारशे होते नं! अख्खी गिरणी! माह्या या बोटानं केलं मी सारं. चारशेही नाही पुरले का त्यायच्यापुढं?"

"चारशे?" दुर्गेशने बॅग खाली ठेवली. "दाखवा बरं."

त्याने बापाचा मोबाईल घेतला. 'अंतःकरण हेलावले' येथे त्याला हसू आले आणि डोळेही भरले. मग त्याची नजर त्या ओळीच्या वर गेली, ती तेथेच खिळली. पाच ताऱ्यांपैकी पहिला पिवळा झाला होता. पुढचे चार कोरे होते.

"बाबा, हे असं दाबाले कोनी सांगतलं तुमाले?"

नत्थूजींनी मुलाचा चेहरा पाहिला. मग एकवार शेजारच्या खुर्चीकडे पाहिले. भैयाजी कपबशीत पाहत होते.

"कोनी नाही रे," नत्थूजी म्हणाले. "पयला नंबर सगळ्यात मोठा असते नं. मलेच तसं वाटलं."

येथवर वाचणाऱ्या सर्वांचा मी ऋणी आहे.

आपला नम्र,
भैयाजी झाडे
हुडकेश्वर, नागपूर