गुडघ्याचं संशोधन

सासऱ्यांचा गुडघा धरला होता. पहिल्याच फिजिओथेरपिस्ट बाईंनी रोज चाला, जिने चढा म्हणून सांगितलं आणि बाबा भडकले. "नव्या संशोधनात म्हटलंय, गुडघ्याला आरामच हवा. आजच बातमी वाचलीय मी. ही कालची पोर मला शिकवणार? सूनबाई, दुसरं कुणीतरी शोध."

सुनेने दुसरा शोधून दिला. तोही पटला नाही, म्हणून तिसरा, मग चौथा. "जवळच आहे बाबा, चालत पोचाल," असं ती दरवेळी सांगायची. बाबा रोज मोबाइलवर ताजं संशोधन वाचून निघायचे, आठवडाभर समोरच्याची उलटतपासणी घ्यायचे आणि शेवटी त्याला नापास करून घरी यायचे.

महिन्याभराने त्यांनी कॉटखाली गेलेला चष्मा उकिडवं बसून स्वतःच काढला आणि कशालाही न धरता उठले. "बघितलंस? एकाचंही ऐकलं नाही, म्हणून बरा झालो!"

सुनेने मान डोलावली, आत जाऊन दार लोटलं आणि पहिल्या बाईंना फोन लावला.



"मॅडम, तिसरा मजला झाला. आता लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावरच्या कुणाचा पत्ता देऊ?"