आईचे दोन शब्द

"आता उमेदवाराच्या मातोश्री दोन शब्द बोलतील," असं म्हणून प्रचारप्रमुख निशिदाने माईक किनुयोबाईंच्या हातात दिला.

बाई थेट संत्र्याच्या बागेतून आल्या होत्या. बेटावरच्या सभागृहात निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. जे आले होते ते बाईंच्या शब्दाखातर. त्यांनी कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला.

"तात्सुरो माझा मुलगा. खोटं बोलत नाही, दारू बेताची पितो. पण याच्या पक्षाला मी आजवर एकदाही मत दिलेलं नाही."

कुणीतरी खोकलं. निशिदा माईक काढून घ्यायला पुढे सरसावला. तात्सुरोचे कान लाल झाले होते, तरी त्याने हाताने निशिदाला थांबवलं. "बोलू दे तिला."

"पहिल्यांदा हा उभा राहिला तेव्हा पक्षाचं नाव एक होतं. दुसऱ्या खेपेला फूट पडली, नाव बदललं. आता भांडणारे पुन्हा एक झालेत, तर तिसरंच नाव! मतपत्रिकेवर पक्षाचं नाव आपल्याच हाताने लिहायचं असतं. मी गिरवून गिरवून शिकते, तोवर यांची पाटी बदललेली."

हशा पिकला. बाई हसल्या नाहीत.

"याच्या विरुद्ध उभे असलेले हामाओकासाहेब सत्ताधारी पक्षाचे. त्यांना भाषण धड येत नाही. पण आमचे हे गेले तेव्हा साहेब भर वादळात बोटीने आले, उदबत्ती लावली, शेवटपर्यंत बसले. माझा मुलगा म्हणतो, त्यांच्या राज्यात संध्याकाळची बोट बंद झाली, दवाखाना बंद झाला. खरं आहे. याचं सगळं खरंच असतं. पण खरं बोलून हा दर वेळी हरतो, आणि हरला की तोक्योला निघून जातो. मग त्या खऱ्याचं आम्ही काय करायचं?"

आता कुणीच हसलं नाही.

मोरिसाकू दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते, चटकन निघता यावं म्हणून. मच्छीमार संस्थेचे जुने अध्यक्ष. सत्ताधाऱ्यांशिवाय कुणाला त्यांनी उभ्या जन्मात मत दिलं नव्हतं. ते तिथूनच ओरडले, "मग किनुयो, या खेपेला कुणाला?"

"ते याच्यावर आहे." बाई मुलाकडे वळल्या. "रविवारी मतदान. हरलास, तर सोमवारी कुठे असशील?"

तात्सुरोने हातातल्या भाषणाची घडी करून खिशात घातली.

"इथेच."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतास."

"मागच्या वेळी नुसतं म्हणालो होतो. या वेळी तोक्योचं घर सोडलंय. पुढच्या महिन्यात बायको आणि हिनाको इकडे येतायत. पोरीचं नाव काल इथल्या शाळेत घातलं."

"इथल्या? अरे, ती शाळा बंद व्हायला आलीय!"

"मुलं नसली तर होणारच. आता एक वाढलं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू ओरडशील म्हणून."

सभागृह खदखदून हसलं. निशिदासुद्धा. बाईंनी मुलाकडे जरा वेळ रोखून पाहिलं. मग माईक त्याच्या हातात कोंबला आणि खाली जाऊन बसल्या.

एवढ्यात मोरिसाकू उठले. म्हातारा निघाला, असं वाटून निशिदाने लगबगीने दार उघडून धरलं. मोरिसाकूंनी खुर्ची उचलली. ती सगळ्यांच्या मधून खरखरत ओढत नेली, अगदी पहिल्या रांगेच्याही पुढे ठेवली, आणि बसले.

"आता त्या बोटीचं सांग," ते म्हणाले. "सावकाश सांग. मला घाई नाही."