शिपायाची शेळी

केस पिकले तरी ती लाकडी घंटा आठवली की लाडकीला अजून हसू फुटतं. तेव्हा जव्हारला संस्थान होतं. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जमीन भाजायला, फांद्या तोडताना कुणी जंगलशिपायाला दिसलं, की कोयता जप्त आणि माणूस वेठीला! त्यातच त्या शिपायाने लाडकीच्या बापाकडे फुकटात शेळी मागितली. लाडकीने हाताने वाढवलेली, कुणाही माणसामागे चालणारी शेळी घंटा बांधून दिली. “घंटा कशाला गं?” “हरवली तं धुंडाया सोपी, सायेब!” मग काय, शिपाई जाईल तिथे शेळी आणि शेळीबरोबर टोकटोक! वर्षभर कुणी सापडलं नाही. एकदा टोकटोक ऐकून सगळ्यांनी कोयते पाचोळ्यात लपवले, पण शेळी एकटीच आली. शिपायाची बदली झाली होती. “आता नवा येल,” बाप धास्तावला. लाडकीने शेळीच्या फुगलेल्या पोटावरून हात फिरवला. “येऊंदे, बा. तवर हिचं करडूबी माणसामागं चालाया लागंल!”