केरूकाकांची भवानी

या मंडळी, अंमळ जवळ सरका. नीलगडची गोष्ट सांगतो. नीलगड हे संगणकावरच्या खेळातलं गाव. तिथली काही दुकानं दिवंगत माणसांची जतन केलेली मनं चालवत. महिनाभर भवानी झाली नाही, की खेळ ते मन पुसून टाकी. घरच्यांची खरेदी धरत नसत. म्हणून शेजारच्या दुकानदाराने आपलं एखादं गिऱ्हाईक तिकडे धाडायचं, अशी गावाची रीत.

असंच जडीबुटीचं दुकान चालवणाऱ्या दिवंगत केरूकाकांच्या शेजारी सुलक्षणाने त्याच मालाचं दुकान थाटलं आणि निम्म्या भावात विकायला लागली.

"पोरी, एक तरी गिऱ्हाईक इकडं धाड की!"

"भाव उतरवा ना, काका!"

"मेलेल्याला भाव बदलता येतो होय? आज महिना भरतोय गं."

जत्रेची गर्दी होती, आणि काकांना थट्टा करायची सवय, म्हणून तिला ते खरं वाटलं नाही. "उद्या पहिलं तुमच्याकडेच," ती हसून म्हणाली.

सकाळी शेजारी नुसतं गवत होतं. तिथे काकांची लेक उभी होती. "ताई, बाबांनी दुकान हलवलं का हो?"

सुलक्षणाने खरं ते सांगितलं. लेक त्या गवतावरून हात फिरवून निघून गेली, आणि तेच हिला सोसेना. आजही सुलक्षणा देवापुढे बसते, पण अपराधापोटी काकांचं नाव तिच्या ओठांवर येत नाही. तेव्हा बाबांनो, हात जोडाल तेव्हा तिच्या वतीने केरूकाकांची आठवण काढा.